मथळ्याखालचं पान

आज सकाळी दार उघडलं तर समोरचं फाटक नाहीसं झालेलं. धुकं परत आलं. आमच्या सेक्टरात ते दरवर्षी असंच येतं. आदल्या दिवशी छान ऊन पडतं, सगळे गच्चीवर शेंगा सोलत बसतात आणि दुसऱ्या सकाळी हाताभरावरचं दिसत नाही. शेजारचे ढिल्लों फिरायला निघाले होते. काठी ऐकू येत होती, माणूस दिसत नव्हता. मी दारातूनच ‘सत श्री अकाल’ म्हणालो आणि धुक्यातून उत्तर आलं. आत येऊन चहाला किटली ठेवली. किटलीवरची चिठ्ठी वाफेनं सुटत आली आहे, पण मी ती काढत नाही. तिच्यावर हिब्रू अक्षरांत ‘कुमकुम’ असं लिहिलंय. हिब्रूत किटलीला कुमकुम म्हणतात. मागच्या हिवाळ्यात हे कळलं तेव्हा मी उभ्या उभ्या हसलो होतो. सगळा हिवाळा असाच हसतखेळत जाईल असं मला वाटलं होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. मूळ गाव रेवदंड्याजवळ. आडनावाच्या शेवटी ‘कर’, कालवणात नारळाचं दूध, घरात मराठी आणि शनिवारी कामाला सुट्टी. वडील सैन्यात कारकून होते. मी सैन्याच्या गाड्या आणि इंजिनं दुरुस्त करण्यात उमर घालवली आणि मेजर होऊन निवृत्त झालो. शेवटची बदली चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत. बायको सिपोरा इथल्या एका रुग्णालयात नर्स होती, पुढे मेट्रन झाली, आणि एक दिवस तिनं सांगून टाकलं की यापुढे ती ट्रंक भरणार नाही. झालो आम्ही चंडीगडचे. इथे आमचं सिनेगॉग नाही. जमातीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते तर शोधूनही मिळायचे नाहीत. ढिल्लों पहिली दोन वर्षं मला मराठी ख्रिश्चन समजत होते आणि मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांसारखं मलाही हिब्रू ‘येत’ होतं. येत होतं म्हणजे तोंडपाठ होतं. शुक्रवारी संध्याकाळी सिपोरा दिवा लावायची, मनुकांचं सरबत करून पेल्यात ओतायची, आणि मी त्यावर प्रार्थना म्हणायचो, खाडखाड, परेडवर हुकूम द्यावा तशी. अर्थाचा पत्ता नव्हता. ती म्हणायची, “अहो, तुम्ही काय म्हणता ते देवाला कळतं. तुम्हाला कधी कळणार?” मी म्हणायचो, त्याला कळलं की काम भागलं. या उत्तरावर मी स्वतः फार खूष असायचो. आता आठवलं की कानाची पाळी गरम होते.

सिपोरा गेली त्याला पाच वर्षं होत आली. मुलगी दीना सोळा वर्षांपूर्वीच इस्राएलला गेली होती. तिथेच लग्न, तिथेच संसार, आणि तिची मुलगी तमार, जिला हिब्रूखेरीज काही येत नाही. आजी होती तोवर फोनवर आजीच काहीबाही करून नातीशी बोलायची, हातवारे, गाणी, तोंडं वेडीवाकडी करणं. आजी गेल्यावर फोनच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ती, दोघंही हात हलवून गप्प. मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला दीनानं तोडगा काढला. तमार मला हिब्रू शिकवणार. मंगळवारी आणि शुक्रवारी, तिची शाळा सुटल्यावर, आमच्याकडच्या चार-साडेचारला. मास्तरीणबाई दहा वर्षांच्या, विद्यार्थी अडुसष्टचा.

ती कडक होती. अक्षर उलटं काढलं की पुन्हा दहादा. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, तेव्हा माझ्या बाहीला सारखी शाई लागायची. गृहपाठ म्हणून घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावायच्या होत्या. टेबलावर ‘शुलखान’, खिडकीवर ‘खलोन’, सुरीच्या मुठीवर ‘सकीन’. कामाला येणाऱ्या सुनीतानं दोन दिवस बघितलं आणि मग काळजीनं विचारलं, की साबजींना गोष्टी विसरायला होतात का, तिच्या सासऱ्यांनाही असंच झालं होतं. मी तिला किटलीची गंमत सांगितली. तिनं किटलीकडे बघितलं, मग देव्हाऱ्यातल्या करंड्यावर ठेवावा तसा तिच्यावर हात ठेवला आणि कामाला लागली.

मग आली मुळं. हिब्रूत बहुतेक शब्दांच्या पोटात तीन अक्षरं असतात, त्यांना ‘शोरेश’ म्हणतात. शोरेश म्हणजे झाडाचं मूळ, शब्दाचंही तेच. मूळ तेच ठेवायचं आणि आजूबाजूला वेगवेगळे आवाज लावायचे की वेगवेगळे शब्द निघतात. मला हे ताबडतोब कळलं, कारण मी आयुष्यभर तेच केलं होतं. चासी एकच, तिच्यावर बॉडी चढवली की कधी ट्रक, कधी अँबुलन्स, कधी पाण्याची टाकी. स-फ-र या तीन अक्षरांतून पुस्तक निघतं, ग्रंथालय निघतं, आकडा निघतो, आणि न्हावीसुद्धा निघतो. न्हाव्याचा पुस्तकाशी काय संबंध, असं मी विचारलं तर तमारनं खांदे उडवले. हिब्रूत असंच असतं, सबा. सबा म्हणजे आजोबा. तो शब्द मात्र मला न शिकवता आला.

वेड लागलं मला. सेक्टरच्या बाजारात किन्नू, म्हणजे इथली संत्री, घेताना, दवाखान्याच्या रांगेत, मुल्लानपूरकडे मित्राचं नवं घर बघायला जाताना बसमध्ये, मी मनात तीन-तीन अक्षरं जुळवत असायचो. धुक्याला ‘अराफेल’ म्हणतात, त्याचं मूळ चार अक्षरी निघालं, नियमात न बसणारं, आणि इथलं धुकं बघून मला ते पटलंही. नाव माहीत नसलेल्या माणसाला हिब्रूत ‘पलोनी’ म्हणतात हे कळलं तेव्हा मी फोनवर ओरडलोच, अगं आमच्याकडे फलाणा. तिला ‘फलाणा’ इतका आवडला की तिनं तिच्या मांजराला ते नाव ठेवलं. कधी धडा चालू असताना तिकडे हल्ल्याचा भोंगा वाजायचा, ती अचानक उठायची आणि सगळ्यांबरोबर आतल्या पक्क्या खोलीत जायची. मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचो. त्या वेळचे शब्दही मी शिकलो, पण ते कुठल्याच वस्तूवर चिकटवले नाहीत.

एका शुक्रवारी तिनं चित्रांचं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. फांदीवर एक पाखरू. “त्सिपोर,” ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, पक्षी, आणि वर म्हणाली, आपल्या सव्तासारखं, सव्ता त्सिपोरा. सव्ता म्हणजे आजी. छत्तीस वर्षं मी ज्या बाईला दिवसातून पन्नास वेळा हाक मारली, तिच्या नावाचा अर्थ पाखरू आहे हे मला तिच्या माघारी, तिच्या नातीकडून कळत होतं. तिला स्वतःला ते माहीत होतं का? तेही मला ठाऊक नव्हतं आणि आता विचारायला ती नव्हती. त्या दिवशी मी धडा अर्ध्यावर सोडला. मला पहिल्यांदा भीती वाटली, की या भाषेत अजून काय काय पडलेलं असेल.

आता वडिलांच्या वहीबद्दल सांगायला हवं. वडिलांची नोकरी कायम सिनेगॉगपासून दूर, कधी जबलपूर, कधी अंबाला, कधी आसाम. म्हणून त्यांनी एका सुट्टीत गावच्या जाणत्या माणसांसमोर बसून गरजेच्या प्रार्थना उतरवून घेतल्या. शब्द हिब्रू, लिपी देवनागरी. निळ्या शाईत प्रार्थना आणि लाल शाईत मराठी नाव, दोन्ही बाजूंना दोन-दोन दंड देऊन. ॥ सब्बाथची ॥, ॥ प्रवासाची ॥, ॥ मयताची ॥, ॥ लग्नाची ॥. अक्षर असं की छापलेलं वाटावं. पहिल्या पानावर मथळा नव्हता, मी धरून चाललो होतो की आधीचं एखादं पान फाटलं असेल. शेवटच्या पानावर ‘लग्नाची’ असा मथळा होता आणि त्याखाली कोरं. मला वाटायचं, वडिलांचं लिहायचं राहून गेलं. शुक्रवारची प्रार्थना पाठ होती, त्यामुळे वही फारशी उघडावी लागली नाही. आयुष्यात दोनदाच मी तिच्यातून मोठ्यानं वाचलं. दोन्ही वेळा माझ्यासमोर माझ्या घरची माणसं होती.

सिपोराला जानेवारीत हृदयाचा झटका आला. ज्या रुग्णालयात तिनं पंधरा वर्षं दुसऱ्यांची माणसं सांभाळली तिथेच ती गेली, सकाळी साडेसातला, बाहेर असंच धुकं. आमच्यात माती द्यायला उशीर करत नाहीत. दीनाला विमान मिळेना, मिळालं तरी इथे उतरेना. दिल्लीहून आमच्यातले दोघं-तिघं निघाले होते, ते करनालच्या पुढे रस्त्यातच अडकले. ख्रिश्चन दफनभूमीवाल्यांनी मोठ्या मनानं एक कोपरा दिला. वॉर्डातल्या नर्सेस, माझ्या युनिटचे चार म्हातारे, सेक्टरातली माणसं, सगळे जमले, आणि प्रार्थना म्हणणारा मी एकटा. मी ‘मयताची’ काढली. ढिल्लोंनी फोन उंच धरला होता, त्यात दीनाचं तोंड. खड्ड्याचं दुसरं टोक धुक्यात दिसत नव्हतं. मी परेडच्या आवाजात वाचलं, कारण साध्या आवाजात वाचलं असतं तर रडलो असतो. मला आठवतं, त्यात मयताचं नाव घालायला जागाच नव्हती आणि मला हायसं वाटलं होतं. तिचं नाव उच्चारताना माझा आवाज टिकला नसता. सगळं झाल्यावर ढिल्लों माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बडी सोहणी अरदास सी, मेजर साब.” मलाही ती प्रार्थना तशीच सुंदर वाटली होती. शब्दांना छान चाल होती.

मागच्या हिवाळ्यात, जानेवारी सरता सरता, तमारनं गृहपाठ दिला. घरातलं कुठलंही हिब्रू लिखाण घे आणि ओळखीच्या मुळांचे दहा शब्द शोध. माझ्याकडे दुसरं काय होतं? दुपारी एक वाजता धुकं फाटलं, ऊन आलं, मी वही घेऊन गच्चीवर खाटेवर बसलो. बाजूला किन्नूची सालं. पेन्सिल हातात. सुरुवात म्हणून तेच पान उघडलं, कारण ते मी वाचलेलं होतं आणि त्यात काय आहे हे मला आता कळणार होतं. सिपोराला देवाच्या हवाली करताना मी काय बोललो ते चार वर्षांनी का होईना, कळणार होतं. खरं सांगतो, मला उत्सुकता होती. आता तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली, असंही मनात येऊन गेलं.

पहिला ओळखीचा शब्द सापडायला वेळ लागला. वडील ‘ह’ लिहायचे तिथे तमार ‘ख’ म्हणते. ‘सिम्हा’ असं लिहिलं होतं. स-म-ख. दोन आठवड्यांपूर्वीच तमारनं मला वाढदिवसाच्या शुभेच्छा शिकवल्या होत्या, त्यातला ‘समेआख’, आनंदी. म्हणजे हा ‘सिमखा’, आनंद. मी पेन्सिलीनं खूण केली. मयताच्या प्रार्थनेत आनंद आला म्हणून थोडं नवल वाटलं, पण आत्म्याला सुख वगैरे असेल असं म्हणून पुढे गेलो. पुढचा ‘सासोन’. तोही आनंदच. त्याच्या पुढे ‘हातान’. हा शब्द मला माहीत होता. तमारच्या आत्याचं लग्न नुकतंच झालं होतं आणि तिनं एकेक फोटो दाखवून मला शिकवलं होतं, हा खतान, ही कला. खतान म्हणजे नवरदेव. आणि लगेच पुढे, माझ्या वडिलांच्या मोत्यासारख्या अक्षरात, ‘कला’. नवरी.

मी पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा वाचलं. पुढच्या तीन ओळींत नवरदेव परत, नवरी परत, आनंद परत. मरणाचा शब्द नाही, मातीचा नाही, विसाव्याचा नाही. मी माझ्या बायकोच्या उघड्या कबरीवर उभा राहून, चाळीस माणसांसमोर, परेडच्या आवाजात, लग्नाचा आशीर्वाद वाचला होता.

कसं झालं हे कळायला तो सगळा दिवस गेला. वही पुढून मागे, मागून पुढे उलटत होतो, एखादं इंजिन बंद का पडलं ते शोधावं तसा. मग शेवटच्या कोऱ्या पानावरचा ‘लग्नाची’ दिसला आणि एकदम लहानपण आठवलं. रेवदंड्याला आमच्या शेजारी पाटलांकडे चातुर्मासात पोथी लागायची आणि वडील ओट्यावर बसून ऐकायचे. पोथीत अध्यायाचं नाव शेवटी येतं. सगळं सांगून झाल्यावर, हा अमका अध्याय संपला, असं. वडिलांना मराठी लिखाण म्हणजे पोथी, एवढंच ठाऊक. त्यांनी हिब्रू प्रार्थनाही तशाच लिहिल्या. आधी प्रार्थना, मग खाली लाल शाईत तिचं नाव. कुठलंही पान फाटलेलं नव्हतं आणि काही लिहायचं राहिलेलं नव्हतं. वही पूर्ण होती. मी छावणीतल्या शाळांत वाढलेला, पुस्तकात नाव वर असतं हे शिकलेला, ती एक घर सरकवून वाचत होतो. ‘मयताची’ या नावाच्या वर मयताची होती. खाली लग्नाची.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि मला खाटेवरून उठावं लागलं. दुसऱ्यांदा वही वाचली ती सिपोराच्या वेळी. पहिल्यांदा वाचली होती ती दीना देश सोडून निघाली तेव्हा, दिल्लीच्या विमानतळाबाहेर, तिच्या डोक्यावर हात ठेवून. ‘प्रवासाची’ या नावाखालची. त्यात मात्र नावाची जागा होती. ‘पलोनी’च्या जागी आपलं माणूस घालायचं, हे वडिलांनी कंसात लिहून ठेवलं होतं. मी तिथे दीनाचं नाव घातलं होतं. आता बघतो तर त्याच ओळीत ‘मेनुखा’, विसावा. ‘जा सबा, विसावा घे’ असं तमार मला धडा संपल्यावर म्हणते, तेच मूळ. ती मयताची होती. तेवीस वर्षांच्या माझ्या जित्याजागत्या पोरीवर, तिच्या हातात बोर्डिंग पास असताना, मी तिच्या आत्म्याला शांती मागितली होती. सिपोरा शेजारी उभी राहून आमेन म्हणाली होती.

मी हादरलो, हे म्हणणं कमीच आहे. मला स्वतःची शरम वाटली, आणि वडिलांचा राग आला, आणि मग वडिलांचा राग आल्याची शरम वाटली. दोन दिवस जेवण गेलं नाही. दीना सुखरूप आहे, चांगली सुदृढ आहे, तिला मधुमेहसुद्धा नाही, हे मी स्वतःला समजावत होतो. मी काही शुभ-अशुभ मानणारा माणूस नाही, तरी दिवसातून तीनदा तिला फोन केला, आणि प्रत्येक वेळी काहीतरी फालतू विचारून ठेवला. सिपोराचं काय? तिला नीट निरोपच मिळाला नव्हता. माणूस जाताना त्याच्यासाठी म्हणायचे जे चार शब्द, ते चार वर्षं कोणीच म्हटलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी चहा गाळताना मला आठवलं की ढिल्लोंच्या हातात फोन होता. फोनमध्ये दीना होती. तोवर तिला तिथे राहून अकरा वर्षं झाली होती. ती हिब्रूत भाजी घेते, हिब्रूत भांडते, हिब्रूत स्वप्नं पडतात म्हणते. तिनं एकेक शब्द ऐकला होता आणि समजला होता. आणि चार वर्षांत एकदाही, एका अक्षरानंही, बोलली नव्हती. गाळणी हातात तशीच राहिली. आपल्या बापानं आईच्या कबरीवर काय केलं, याबद्दल माझी मुलगी चार वर्षं काय मनात धरून बसली होती?

तिला सांगायचं ठरवलं. माफी मागायची, वडिलांची वही, मथळा, पोथी, सगळं समजावून सांगायचं. कागदावर मुद्दे काढले, सवय जात नाही. तमार शाळेत असेल अशी वेळ साधून फोन लावला.

“दीना,” मी म्हणालो, “आईच्या वेळी मी जे वाचलं, ते तू ऐकलं होतंस?”

“हो पप्पा.”

“तुला कळलं होतं ते काय आहे?”

“पहिल्या ओळीतच.” मग ती म्हणाली, “मी वाट बघत होते तुम्ही कधी विषय काढाल.”

मी कागद उचलला. तोंड उघडणार एवढ्यात ती बोलायला लागली आणि मग थांबलीच नाही. ती म्हणाली, “पप्पा, खरं सांगू? मला कायम वाटायचं की तुम्ही आईशी कधी दोन शब्द प्रेमानं बोललाच नाहीत. नुसती शिस्त, नुसत्या ऑर्डरी. म्हणून तर मी एवढ्या लांब आले, यार. आणि त्या दिवशी तुम्ही तिला नवरी म्हणून पाठवलंत. सगळ्यांसमोर. आणि मोठ्यानं. इथे मी कितीतरी मयतांना गेले, कुणाच्या नवऱ्यानं असं केलेलं बघितलं नाही. मी फोन घेऊन खाली जमिनीवर बसले होते. त्या दिवशी मी तुमचं सगळं माफ केलं.”

तिनं ते नवऱ्याला सांगितलं होतं. मैत्रिणींना सांगितलं होतं. तमारला तर ती गोष्ट झोपताना सांगायची, सबानं सव्ताला दुसऱ्यांदा नवरी कशी केली ती. म्हणूनच तमार मला शिकवायला तयार झाली होती, हेही मला तेव्हाच कळलं.

माझ्या हातात मुद्द्यांचा कागद होता. पहिला मुद्दा होता ‘चूक’. मी म्हणालो, “हं.” एवढंच म्हणालो. ती रडत होती, मीही रडत होतो, आणि आमचं रडणं एकाच कारणासाठी आहे असं तिला वाटत होतं.

त्या रविवारी मी दफनभूमीत गेलो. धुकं विरळ होतं, दगडावरचं नाव वाचता येत होतं. मी सिपोराला मराठीत सगळं सांगितलं, कारण तिला फसवणं मला जिवंतपणीही कधी जमलं नव्हतं. तिच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं, की आता थोडं कळायला लागलंय. मग ‘मयताची’ या नावाच्या वरचं पान काढलं, बरोबर असलेलं, आणि नावाच्या जागी तिचं नाव घातलं. आवाज टिकला नाही. जसा चार वर्षांपूर्वी तुटला असता तसाच तुटला. शांत झाल्यावर पान उलटून दुसरी प्रार्थनाही वाचली. नवरदेव कोण, नवरी कोण, आनंद कुठला, एकेक शब्द कळत होता, आणि कळून वाचणं फार अवघड गेलं. दीना ज्या माणसाबद्दल बोलत होती तो मी नव्हतो. पण त्याच्यासारखं एकदा तरी वागून बघावंसं वाटलं.

दीनाला मी अजून सांगितलेलं नाही. हिवाळा सरला, उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दर आठवड्याला वेळ होता आणि दर आठवड्याला मी हवापाण्याचं बोललो. माझ्या चुकीनं तिला बाप मिळाला होता आणि मला मुलगी. खरं बोलून ते काढून घ्यायचं धाडस मला झालं नाही. आयुष्यभर जवानांना खोटं बोलू नका म्हणून ओरडलो, आणि आता माझ्याकडे फक्त एक ‘हं’ आहे, तोही खोटा.

तमार आता अकरा वर्षांची आहे. तिथल्या शाळांत बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलांना आपल्या घराण्याची मुळं शोधायला लावतात. पणजोबा, गाव, जुन्या वस्तू, सगळं लिहून वर्गात दाखवायचं. तमारनं पणजोबांची वही निवडली आहे. दीना म्हणाली, मी वाचून देते, मला देवनागरी येते. तमार म्हणाली, नको, मला स्वतः वाचायची आहे. दिवाळीनंतर तिनं मला ऐकवलं, की एक वर्ष तिनं शिकवलं, आता माझी पाळी. तेव्हापासून मंगळवारी हिब्रू आणि शुक्रवारी देवनागरी. अक्षर उलटं काढलं की मी तिला पुन्हा दहादा काढायला लावतो.

ती हुशार आहे. मला दहा शब्द शोधायला लावणारी तीच. मजकूर तिच्या भाषेतला आहे, अडणार आहे फक्त लिपी. ज्या दिवशी तिला लाल शाईतली मराठी नावं वाचता येतील आणि ती त्यांचा अर्थ विचारील, त्याच दिवशी तिला दिसेल की कुठलं नाव कुठल्या प्रार्थनेचं आहे आणि तिच्या सबानं काय केलं होतं. मग ती आईकडे जाईल. अक्षरं शिकवणं मला लांबवता येईल. सर्दी झाली म्हणता येईल, इंटरनेट नाही म्हणता येईल, इथल्या धुक्याच्या नावावर काहीही खपतं. मागच्या शुक्रवारी ती म्हणाली, सबा, तू हल्ली फार सावकाश शिकवतोस. मी म्हणालो, बरं, जरा भरभर जाऊ.

त्या दिवशी आम्ही ‘मयताची’तला ‘म’ गिरवला. आज शुक्रवार आहे, आणि आज ‘य’.